गुरुवारचा काळा चौकोन

४ ऑगस्ट

धाकट्या,

तू सांगितल्याप्रमाणे गुरुवारी संध्याकाळी ती लिंक दाबून पाहिली. चालते. जुना फोन, अर्धवट रेंज आणि मॅट्रिकपुढे न गेलेली बाई, हे तिन्ही एका जागी मिळेल म्हणून चाचणीला तू मला निवडलंस हे कळलं मला. राग नाही. ह्यांचा ऑफिसातला फोन अजून कामाचा आहे, हे सिद्ध झालं. निवृत्त होताना हे तो परत करायला गेले, तर साहेब म्हणाले, राहू द्या, आमच्याही उपयोगाचा नाही. तेव्हापासून माझ्याकडे आहे.

चित्र मधूनमधून अडकत होतं, पण तुझा आवाज स्वच्छ येत होता. कॅमेरा जरा वर कर. अर्धा वेळ आम्हाला तुझ्या नाकपुड्या दिसत होत्या. हे मागून डोकावून म्हणाले, "मेव्हण्याच्या डोक्यावरचा पंखा बघ, आता उडतोय तो." मी मटार सोलत बसले होते, ते संपेपर्यंत ऐकलं. मग तुझंही संपलं.

एक विचारायचं राहिलं. विद्यापीठात तू रोज उभा राहून शिकवतोसच, मग संध्याकाळी पुन्हा घरून हे कशाला? तुला जादाचं काही मिळतं का, की नुसतीच हौस? फोनवर विचारलं की तू "चाललंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रात निदान चार ओळींच्या पुढे जातोस. म्हणून लिहिते.

आणि ती लिंक दर गुरुवारी तीच असते का? सहज विचारते.

तुझी ताई

---

१३ ऑगस्ट

ताई,

कॅमेऱ्याखाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवलीत. आता नाकपुड्या दिसणार नाहीत.

हौस म्हणशील तर हौस, गरज म्हणशील तर गरज. सकाळच्या व्याख्यानाला तीनशेच्या वर पोरं असतात. मी खाली उभा, ती वर चढत गेलेल्या बाकांवर. माइक अधूनमधून किंचाळतो. पहिल्या दोन रांगा लिहून घेतात, मधल्या फोन बघतात, शेवटच्या झोपतात. पानाचं अन्न कसं तयार होतं हे मी फळ्याला सांगतो, आणि फळा ऐकून घेतो. म्हणून मीच सुचवलं की व्याख्यान आहे तसं राहू दे, पण आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस जणांचं ऑनलाइन सेमिनार घेऊ या. तिथे मी बोलायचं नाही, त्यांनी बोलायचं. शंका काढायच्या, वाद घालायचा.

विभागप्रमुख बाईंना हे थेर वाटतं. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, हे सत्र बघू, संपताना समिती ठरवेल. माझी नेमणूकही याच कामापुरती, याच वर्षापुरती आहे. सेमिनार राहिलं तर मी राहीन. नाही तर पुन्हा शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायला.

आणि पोरं? कॅमेरे बंद, माइक बंद. पडद्यावर काळे चौकोन आणि खाली नावं. मी विचारतो, "कुणाला काही सांगायचंय?" आणि स्वतःच्याच पंख्याचा आवाज ऐकतो. गेल्या खेपेला मात्र एका मुलीने कपाटाच्या तळाशी राहिलेला बटाटा कॅमेऱ्यासमोर धरला, लांबच लांब पांढरे कोंब आलेला. मग दोघं-तिघं बोलली. मी एवढा खूश झालो की वेळ संपल्याचं कळलंच नाही.

लिंक तीच असते. का गं?

धाकटा

---

२६ ऑगस्ट

धाकट्या,

लिंकचं काही नाही, शेजारीण विचारत होती.

तुझं पत्र देवासमोर ठेवलं आणि म्हटलं, याची ही वर्षभराची नोकरी वर्षाच्या पुढे जाऊ दे. नळ्या धुण्यात कमीपणा नाही, पण तुला तिथे गप्प बसावं लागायचं, आणि गप्प बसणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही.

पोरांचं मनाला लावून घेऊ नकोस. पाहुण्यांसमोर मुलं तोंड उघडत नाहीत, आणि पाहुणे गेले की घर डोक्यावर घेतात. थोडा धीर धर.

बटाट्याचं तू म्हणालास ते मला फार पटलं. अंधारातला कोंब पान करत नाही, रंग करत नाही, सगळी शिल्लक नुसती उंच होण्यात घालवतो, कारण त्याला उजेड गाठायचा असतो. मी घरखर्चाची वही लिहिणारी बाई. शिल्लक कुठे घालवावी हे बटाट्यालाही कळतं, हे ऐकून बरं वाटलं. मीही एक बटाटा चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलाय. एका बाजूला रुपयाएवढं भोक पाडलंय. हे म्हणतात, "आज बटाटा खोक्यात ठेवलास, उद्या मला ठेवशील."

तू त्या दिवशी हसत होतास तसाच बोलत जा.

ताई

---

९ सप्टेंबर

ताई,

एक भानगड झाली आहे आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

सेमिनारमध्ये मी पानांची, मुळांची चित्रं दाखवत असतो, त्यामुळे मला चार-पाचच चौकोन दिसतात. या महिन्यापासून विद्यापीठ हजेरीची यादी पाठवायला लागलंय. यादीत विद्यार्थ्यांची नावं आहेत, आणि सगळ्यांत वर आहे 'लेखा विभाग'.

नुसतं एवढंच. माणसाचं नाव नाही. मी मागच्या सगळ्या याद्या मागवून घेतल्या. पहिल्या सेमिनारपासून दर गुरुवारी हा लेखा विभाग हजर आहे. सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या नंतर जातो. कॅमेरा बंद, माइक बंद, एक अक्षर बोलत नाही. अख्ख्या वर्गात इतका नियमित एकही विद्यार्थी नाही.

आता तूच सांग, विद्यापीठाच्या लेखा विभागाला बटाट्याच्या कोंबात काय रस असणार? योजनेवरचा खर्च वसूल होतोय का, हे बघायला माणूस बसवलाय. बाईंचंच काम असणार. आणि मी आपला त्याच्यासमोर एका विद्यार्थ्याचं मांजर कीबोर्डवर चढलं म्हणून हसतोय, विषय सोडून आंब्याच्या झाडावर कसा पडलो ते सांगतोय.

विचारायला जावं, तर आपण घाबरलो असं दिसेल. न विचारावं, तर झोप उडाली आहे. भावजींचा सारा जन्म हिशेबाच्या खात्यात गेला. ही माणसं काय बघतात, त्यांना काय आवडतं, एवढं विचारून कळव.

धाकटा

---

१५ सप्टेंबर

धाकट्या,

कोण मेला असा चोरून ऐकत बसतो? समोर यावं, नमस्कार करावा, बसावं.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, लेखा विभागाच्या माणसाला काय शिकवलं ते कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नसतं. त्याला नीटनेटकेपणा दिसला पाहिजे. सुरुवातीला आज काय करणार ते सांग. मग ठरल्याप्रमाणे कर. शेवटी काय केलं ते पुन्हा सांग. घड्याळाच्या काट्यावर संपव. मधेच काही उपटलं तर "पुढे पाहू" म्हण.

माझ्याकडून भर: मांजर नको. आंब्याचं झाड नको. धुतलेला पांढरा शर्ट घाल, तो चौकटींचा नको. आणि बोलताना डोकं खाजवू नकोस, पूर्वीपासूनची सवय आहे तुझी. सगळं कसं व्यवस्थित दिसू दे. त्या मेल्याला बोट ठेवायला जागाच मिळता कामा नये.

मी रोज देवाला सांगते आहे की त्याची दुसरीकडे बदली होऊ दे.

ताई

---

३ ऑक्टोबर

ताई,

भावजींचं आणि तुझं सगळं ऐकलं. पांढरा शर्ट, आजचे मुद्दे, झालेल्या मुद्द्यांचा आढावा, वेळेवर समाप्ती. तीन गुरुवार.

पहिल्या गुरुवारी बटाटेवाल्या मुलीने विचारलं, "सर, मुळं खालीच का जातात?" मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे, पुढे पाहू." त्यानंतर तिने तोंड उघडलेलं नाही. दुसऱ्या गुरुवारी निम्मे चौकोन कमी झाले. तिसऱ्या गुरुवारी बाई स्वतः आल्या, आपल्या नावानिशी, कॅमेरा चालू ठेवून. मी लिहून आणलेलं वाचलं. कुणी काही विचारलं नाही. संपल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, हे व्याख्यानच आहे की. फक्त लांबून. मग ते सभागृह काय वाईट आहे?"

ताई, त्यांचं खरं होतं, आणि तेच मला सहन होत नाही. व्याख्यानात जे होत नाही ते इथे व्हावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि मी इथे दुसरं व्याख्यान मांडून बसलो. कुणासाठी? एका काळ्या चौकोनासाठी. तो तिन्ही गुरुवार होता. त्याला मात्र व्यवस्थितपणा आवडला असावा.

रागावू नकोस, पण तुमच्या सल्ल्याने मला बुडवलं.

महिनाअखेरीच्या गुरुवारी शेवटचं सेमिनार. बाई पुन्हा येणार, आणि दुसऱ्या दिवशी समितीत बोलणार. मला आता काही सुचत नाही.

धाकटा

---

८ ऑक्टोबर

धाकट्या,

सल्ला मागितलास म्हणून दिला. आता त्याचं खापर आमच्यावर फोडतोस ते फोड, मोठ्या बहिणी त्यासाठीच असतात.

पण खरं सांगायचं तर माझाही जीव उबगला आहे. तू हल्ली पाटीवरचं वाचल्यासारखा बोलतोस. "मुद्दा क्रमांक तीन" म्हणतोस तेव्हा मला आपल्या पोस्टातला कारकून आठवतो. पूर्वी तू एक सांगायला जायचास आणि त्यातून दुसरंच निघायचं, ते ऐकताना हातातलं काम राहून जायचं. आता भाजी निवडून, चिरून, भांडी आवरून होतात आणि तरी घड्याळ पुढे सरकत नाही. तो शर्टही तुला शोभत नाही, आजाऱ्यासारखा दिसतोस.

त्या बटाटेवाल्या मुलीला दुखावलंस ते वाईट केलंस. तिचा खोकला बरा झाला का? परवा बिचारीला बोलायचं होतं, माइक उघडला आणि नुसती खोकली, आणि तू "कृपया माइक बंद ठेवा" म्हणालास. असं बोलतात का?

माझ्या बटाट्याचा कोंब भोकाकडे वळलाय.

ताई

---

१२ ऑक्टोबर

ताई,

खोकल्याचं मी तुला लिहिलेलं नव्हतं. 'मुद्दा क्रमांक तीन'ही नाही.

भावजींच्या त्या फोनवरून तू आत आलीस की बाकीच्यांना तुझं नाव काय दिसतं, ते कुणाकडून तरी बघून घे आणि लगेच कळव.

---

१७ ऑक्टोबर

धाकट्या,

शेजारच्या सूनबाईला बोलावलं. तिने तिच्या फोनवरून काहीतरी जुळवलं आणि मला तिच्या पडद्यावर बघायला लावलं. माझ्या फोनवर माझ्या चौकोनाखाली 'तुम्ही' असंच दिसतं रे. तिच्या फोनवर 'लेखा विभाग' दिसलं. ह्यांच्या ऑफिसाने घातलेलं, ते तसंच राहिलंय. सूनबाई हसायला लागली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

म्हणजे तो मेला मीच. माझ्याच बदलीसाठी मी रोज देवाला सांगत होते.

तुला सांगितलं नाही, कारण तू चाचणीपुरतं म्हणाला होतास. एकदा झालं की थांबायला हवं होतं. पण पुढच्या गुरुवारी मटार निवडायला बसले आणि हात लिंकवर गेला. वाटलं, एका कोपऱ्यात बसले तर कुणाच्या ताटातलं काय कमी होतंय. मॅट्रिकनंतर वर्गात बसल्याला किती वर्षं झाली ते आता मोजत नाही. तू काही कठीण बोलायला लागलास की मी फोन कानाला लावायची, जवळून ऐकलं तर जास्त कळेल म्हणून.

एवढं लिहून झालं, आता माझंही ऐक. लेखा विभागाला भिऊन तू त्या पोरीचा प्रश्न गिळलास. उद्या खरा लेखा विभाग येऊन बसला तर काय करशील? माझं चुकलं, पण पांढरा शर्ट मी फक्त सांगितला, घातला तू.

शेवटच्या गुरुवारी मी येणार नाही. फोन कपाटात ठेवून देते. देव तुझं भलं करो.

ताई

---

१ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. ते तू वाचलं नाहीस तेच बरं.

काय झालं ते सांगतो. गुरुवारी चौकटींचा शर्ट घातला. बाई आल्या, कॅमेरा लावून, हाताची घडी घालून. पोरं आली, काळे चौकोन. मी सवयीने यादीत वर बघितलं. लेखा विभाग नव्हता. आता निश्चिंतपणे बोलावं, तर उलटंच झालं. वाटलं, ज्याला शेवटपर्यंत ऐकायचं होतं तोच आला नाही. मुद्दे लिहिलेला कागद समोर होता, तो मला वाचवेना.

म्हणून पोरांना सगळं सांगितलं. लेखा विभागाला मी कसा भ्यालो, मुद्दे का काढायला लागलो, आणि तो लेखा विभाग म्हणजे मटार सोलणारी माझी बहीण कशी निघाली. आधी एक हसण्याचा आवाज आला. मग दुसरा. मग कॅमेरे उघडायला लागले, त्यांना माझं तोंड बघायचं नव्हतं, एकमेकांची बघायची होती. एकजण म्हणाला, "सर, माझी आजी पण ऐकते, पडद्याच्या मागे बसून. तिला वाटतं तुम्ही रागीट आहात." मी बटाटेवाल्या मुलीची माफी मागितली आणि तिचा प्रश्न तिलाच परत दिला. मुळं खाली का जातात यावर पोरं अशी भांडली की मला मधे शिरायला जागा मिळाली नाही. बाई घडी सोडून काहीतरी लिहून घेत होत्या. वेळ संपली, कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. सेमिनार पुढच्या वर्षी राहणार. मीही राहणार. बाई म्हणाल्या, "काल ते व्याख्यान नव्हतं."

आता दुसरी गोष्ट, आणि ती लिहायला मला जड जातंय. पोरांना सांगितलं ते बाईंनीही ऐकलं होतंच. समितीने त्याच बैठकीत नियम केला की बाहेरचं कुणी आत येता कामा नये. पुढच्या सत्रापासून विद्यापीठाचा ओळख क्रमांक घातल्याशिवाय लिंक उघडणार नाही. मी भांडलो. म्हणालो, तिच्याइतकी हजेरी कुणाची नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्या ताईंबद्दल आदर आहे, पण नियम तो नियम." मला राखलं आणि तुला काढलं, एकाच कागदावर. मी त्यावर सही करून आलो. काय करणार होतो?

बटाट्याचं काय झालं ते लिही.

धाकटा

---

७ नोव्हेंबर

धाकट्या,

तू राहिलास, देवाने ऐकलं. ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "नियम बरोबर आहे, मी असतो तर मीही हाच केला असता." पण संध्याकाळी स्वतःहून मटार सोलायला बसले.

सही केलीस ते योग्यच केलंस, मनाला लावून घेऊ नकोस. पण मला राग आलाय हेही तुला माहीत असू दे, खोटं कशाला लिहू. कुणाचा ते सांगता येत नाही. तुझा नाही, बाईंचा नाही, फोनचाही नाही. गुरुवारी संध्याकाळी मी दोनदा कपाट उघडलं आणि दोनदा लावलं.

बटाट्याचं विचारलंस. कोंब भोकातून बाहेर आला आणि बाहेरचा शेंडा हिरवा झाला. मग मी त्याला खोक्यातून काढून खिडकीत ठेवला, आणि मुद्दाम पाठमोरा फिरवला, बघू काय करतो म्हणून. शेंडा पुन्हा उजेडाकडे वळला. पण खाली जिथे तो पहिल्यांदा वळला होता ते वळण तसंच राहिलंय. आता भरपूर उजेड आहे, तरी ते सरळ होत नाही. का होत नाही? शेंड्याला जमतं ते खालच्याला का जमत नाही?

असंच काहीतरी मी एखाद्या गुरुवारी माइक उघडून विचारणार होते. धीर झाला नाही, आणि आता दार बंद आहे. तेव्हा उत्तर पोस्टाने पाठव. घाई नाही. मधेच दुसरं काही आठवलं तर तेही लिही, मांजर लिही, आंब्याचं झाड लिही. फक्त व्यवस्थित लिहू नकोस.

ताई